बटईच्या कोंबड्या

टोल्यात, म्हणजे या लहानशा गाववस्तीत, कोंबडी बाईची असते. शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाचे, मोटरसायकल पुरुषाची, घर सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं. पण अंगणात माती उकरत फिरणाऱ्या कोंबडीबद्दल पुरुष तोंड उघडत नाही. ती कोणाला द्यायची, तिच्याखाली अंडी कधी ठेवायची, आमगावच्या बाजारात न्यायची की नाही, हे सगळं बाई ठरवते. पाहुणा आला आणि कोंबडं कापायचं मनात असलं, तरी घरधनी आधी बायकोच्या तोंडाकडे पाहतो. ती नाही म्हणाली, तर पाहुण्याच्या ताटात वांग्याची भाजी येते आणि पाहुणाही समजून घेतो.

शामकला मेश्रामच्या अंगणात टोल्यातल्या सगळ्यात जास्त कोंबड्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त तिच्या नव्हत्या. त्या बटईच्या होत्या. ज्या बाईला कोंबड्या सांभाळायला वेळ नाही, किंवा जिच्या घरचं कुत्रं खोडीचं आहे, ती आपली कोंबडी शामकलाच्या अंगणात आणून सोडायची. कोंबडी मालकिणीचीच राहायची. ती खुडूक बसली, पिल्लं निघून हाताएवढी झाली, की अर्धी मालकिणीची आणि अर्धी सांभाळणारीची. हा व्यवहार कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून होतो. त्याला साक्षीदार लागत नाही. एकच नियम आहे, आणि तो कोणी मोडलेला ऐकिवात नाही. बटईची कोंबडी मेली, तर ती मेलेली कोंबडी मालकिणीला नेऊन दाखवायची. मुंगसानं ओढून नेली असली तर निदान पिसं न्यायची. नुसतं 'मेली' म्हटलं तर लोक 'खाल्ली' असं ऐकतात, आणि मग त्या बाईच्या अंगणात पुन्हा कोणी कोंबडी सोडत नाही.

शामकलाचं घर गावाच्या टोकाला, बुद्धविहाराच्या अंगाला. मागे थोडी सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा, तिला काट्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे खेमराज पटलेची बांधी. त्या बांधीत धान व्हायचं तेव्हा काही तंटा नव्हता. कापणी झाली की शामकलाच्या कोंबड्या तिथे सांडलेलं धान टिपायच्या आणि खेमराजही काही म्हणायचा नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथे लांबलचक पत्र्याचं शेड टाकलं. गोंदियाच्या एका कंपनीशी करार केला. कंपनी पांढरी पिल्लं आणून द्यायची, खाद्य द्यायची, औषध द्यायची, आणि ती पाखरं वजनदार झाली की गाडीत भरून घेऊन जायची. मधले दिवस सांभाळायचं काम खेमराजचं. पाखरंही अशी, की वाढता वाढता त्यांच्या पायांनाच ती झेपेनाशी होत. शामकला कुंपणातून पाहायची आणि तिला वाटायचं, अंगण काय असतं हे यांना कोणी सांगितलंच नाही.

कंपनीची एक अट होती. ज्याचं शेड आहे त्याच्या घरी गावठी कोंबडी नको, त्यांच्यामुळे रोग येतो. खेमराजनं आईला सांगितलं, आमगावला बाजार आहे, सगळ्या विकून टाक. त्याची आई शकुंतलाबाई काही बोलली नाही. बाजाराच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन घरून निघाली आणि दुपारी रिकामं टोपलं घेऊन परत आली. खेमराजनं टोपलं रिकामं पाहिलं आणि विषय संपला. भाव काय मिळाला हे विचारणं त्याच्या मनातही आलं नाही. कोंबड्यांचं बायकांना विचारत नसतात.

शकुंतलाबाई बाजारात गेलीच नव्हती. ती शेताच्या धुऱ्यानं फिरून शामकलाच्या मागच्या कुंपणाशी आली होती. टोपल्यात चार कोंबड्या होत्या, त्यांतली एक लाल, मान उघडी असलेली, अंड्यांवर बसली की वाघीण होणारी. शकुंतलाबाईनं ती सगळ्यात शेवटी सोडली. पोराला सांगू नकोस, एवढंच म्हणाली. शामकलानं मान हलवली. पटल्यांची म्हातारी आपल्या दारी काही मागायला आली आहे, आणि तीही मागच्या दारानं, याचं तिला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पाखरांच्या पहिल्या काही खेपा नीट गेल्या. मग एका खेपेला, दिवाळीनंतरच्या थंडीत, खेमराजच्या शेडात मर लागली. सकाळी जावं तर पांढऱ्या पाखरांचा सडा पडलेला. खेमराज पोती भरभरून खड्ड्यात टाकत होता, आणि तो एका बाजूला जाऊन डोळे पुसतो हे शामकलानं कुंपणातून पाहिलं. तिनं त्या दिवशी आपल्या कोंबड्यांना हाकलून अंगणातच ठेवलं. तिला त्याची कीव आली होती.

कंपनीचा सुपरवायझर हिमांशू गोंदियाहून मोटरसायकलनं आला. वयानं पोरगाच, पण बोलणं मोठं. त्यानं मेलेली पाखरं पाहिली, मग कुंपणापलीकडे माती उडवणाऱ्या शामकलाच्या कोंबड्या पाहिल्या, आणि त्याला कारण सापडलं. आजूबाजूच्या घरांत एकही गावठी कोंबडी राहिली, तर पुढची खेप येणार नाही, असं सांगून तो गेला. मेलेल्या पाखरांचा भुर्दंड कंपनी खेमराजवर टाकणार हेही जाता जाता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खेमराज शामकलाच्या अंगणात येऊन उभा राहिला. तिनं खाट टाकली, तो बसला नाही. त्यानं सरळच विचारलं. सगळ्या कोंबड्या तो विकत घेणार, बाजारापेक्षा भाव चांगला देणार, आजच्या आज घेऊन जाणार. शामकला तांदळाची कनकी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"माझ्या असत्या तं देल्ल्या असत्या गा. पन यातल्या गंज, निम्म्याच्या वर, माझ्या नाईत."

"मंग कोनाच्या आहेत? नावं सांग मावशी. मी एकेकीच्या घरी जातो."

लाल कोंबडी खेमराजच्या चपलेजवळ धूळ अंगावर घेत पसरली होती. त्यानं पायानं तिला बाजूला केलं. शामकलानं दुसरीकडे पाहिलं.

"नावं सांगाची रीत नाई," ती म्हणाली.

खेमराजला हा हट्ट वाटला. तो चिडला. त्याच्या जागी कोणीही चिडलं असतं. तो म्हणाला, तुझ्या दोन कोंबड्यांपायी माझं शेड बंद पडलं, तर गाव तुला काय म्हणेल याचा विचार कर. शामकला म्हणाली की, गावाचं ती गावाशी पाहून घेईल.

गावाला बोलायला वेळ लागला नाही. किराणा दुकानाशी, पाण्याच्या टाकीशी, आणि मुख्य म्हणजे हिरालालच्या कानाशी. हिरालाल म्हणजे शामकलाचा नवरा. कुडव्याला घरांच्या बांधकामावर मिस्त्रीकाम करायचा, रोज दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचा. भांडण दिसलं की निघून जायला चप्पल शोधणारा माणूस. ज्याच्या मोटरसायकलवर तो बसायचा, तो खेमराजचा चुलतभाऊ होता, आणि त्यानं दोन दिवस 'आज लवकर निघालो' म्हणून त्याला नेलंच नाही. तिसऱ्या दिवशी हिरालाल सायकल काढता काढता म्हणाला, की कोंबड्यांपायी माणूस तोडणं बरं नाही. देऊन टाकाव्यात ज्याच्या त्याला. प्रत्येक बाई आपली आपली घेऊन जाईल.

"आन पटल्यांच्या घरची?" शामकलानं विचारलं. "ते कोनाच्या दारात नेऊन बांधू?"

हिरालालला हे तोवर माहीत नव्हतं. तो सायकल धरून तसाच उभा राहिला. मग त्याला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटून तो पायडल मारत निघून गेला. त्या दिवसानंतर मात्र त्यानं बायकोला देऊन टाक असं म्हटलं नाही. कुडव्यापर्यंत सायकल मारून त्याचे गुडघे दुखायचे, आणि तो रात्री तेल चोळत बसायचा.

गावात अंजू नावाची एक सून होती. बचत गटाकडून तिला पशुसखी म्हणून शिकवलं होतं. म्हणजे गावातल्या बकऱ्या-कोंबड्यांना लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, ही कामं ती करायची. तिच्या खांद्याला बर्फाचा थर्मास लटकलेला असायचा. संध्याकाळी कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या की ती यायची आणि एकेकीच्या डोळ्यात मानमोडीच्या लसीचा थेंब टाकायची. शामकलाच्या अंगणातली एकही कोंबडी तिनं सोडली नव्हती. मर लागल्यावर ती खेमराजकडेही गेली होती. खेमराज म्हणाला, कंपनीचा डॉक्टर आहे, तू तुझ्या कोंबड्या पाहा. ती आली तशी परत गेली आणि शामकलाकडे चहा प्यायली.

खेमराजनं कुंपणाला मासे पकडायची जुनी जाळी लावली होती. ती एका जागी फाटली. शेडाबाहेर पोत्यातून खाद्य सांडलेलं होतं, आणि लाल कोंबडीला ते दिसलं. शेडावर ठेवलेल्या गड्यानं दांडा फेकला. तो बरोबर मानेवर लागला. त्यानं कोंबडी पंखाला धरून कुंपणावरून शामकलाच्या सांदवाडीत भिरकावली.

शामकला धानाच्या तणसाचा भारा सोडत होती. तिच्या पायाशी काहीतरी धप्पकन पडलं. पाहते तर लाल. अंग अजून गरम होतं.

ती तिथेच बसली. गड्याला शिवी द्यावी असंही तिला वाटलं नाही. तिला एकदम कळलं की ही कोंबडी आता दाखवावी लागणार. आणि जिला दाखवायची ती खेमराजच्याच घरात राहते.

पुरून टाकता आलं असतं. एखाद्या संध्याकाळी धुऱ्यानं जाऊन म्हातारीच्या कानात सांगताही आलं असतं. म्हातारीनं विश्वास ठेवला असता. पण शामकलाच्या अंगणात ज्या इतर बायकांच्या कोंबड्या होत्या, त्या सगळ्या एका नियमावर तिथे होत्या, आणि नियम असा मागच्या दारानं पाळायचा नसतो असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या बाजूनं तिनं शब्द दिला होता. पोराला सांगणार नाही म्हणाली होती. तिनं भाऱ्याची काडी दातात धरली आणि बराच वेळ चावली. शेवटी तिनं ठरवलं, आपण बोलायचं नाही. न्यायची, समोर ठेवायची. पुढे त्याची माय जाणे. हेही शब्द मोडणंच आहे, हे तिला कळत होतं. पण रोज उठून ज्याच्या त्याच्या तोंडून 'शामकलाच्या कोंबड्या, शामकलाच्या कोंबड्या' ऐकून तिचा जीव विटला होता.

तिनं कोंबडी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळली, लुगडं नीट केलं, आणि भर दुपारी गावातल्या मोठ्या रस्त्यानं पटल्यांच्या घराकडे निघाली. टाकीशी भांडी घासणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

पटल्यांच्या छपरीत, घरापुढच्या ओसरीत, खेमराज आणि हिमांशू चहा पीत बसले होते. हिमांशूची मोटरसायकल दारात होती. शामकला पायरीशी थांबली नाही. छपरीत चढली आणि पोतं खाली ठेवून उलगडलं. खेमराजनं कोंबडी पाहिली, गड्याचं काम त्याला कळलं, आणि तो वरमला. भरपाई मागायला आली असं समजून त्यानं खिशात हात घातला.

"तुले दाखवाले नाई आनली," शामकला म्हणाली. "मायले बोलव."

खेमराजला काही कळेना. हिमांशू म्हणाला, "काकी, बैठ के बात करो ना," आणि त्यानं कप उचलून आपले बूट मागे घेतले. आवाज ऐकून शकुंतलाबाई आतून आली. हातांना पीठ लागलेलं. तिनं आधी शामकलाकडे पाहिलं, मग पोत्यावर पाहिलं.

ती म्हणू शकली असती, हे माझ्या दारात कशाला आणलं. तेवढं वाक्य पुरे होतं. शामकला पोतं उचलून निघून गेली असती, जन्मभर कोणाला बोलली नसती, आणि पटल्यांच्या घरात सगळं होतं तसं राहिलं असतं. शामकला म्हातारीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

शकुंतलाबाई खाली बसली. कोंबडीची मान हातात घेतली, ती एका बाजूला लोंबली. पंख उघडून पाहिला. पाय दाबून पाहिला.

"कोनं मारली?" तिनं विचारलं.

"शेडावरच्या गड्यानं," शामकला म्हणाली.

"अंड्यावर होती का?"

"नाई. मागची पिल्ले हाताएवढी झाली आता. सात आहेत."

खेमराज एकदा आईकडे, एकदा शामकलाकडे पाहत होता. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याचा कप बशीत कलंडला.

"आई, तू तं विकल्या होत्या."

"मी कधी म्हटलं विकल्या म्हनून? टोपलं रिकामं दिसलं तुले. मले विचारलं का तू? भाव का आला, कोनं घेतल्या, विचारलं एक शब्द?"

"पन कंपनीची अट..."

"कंपनीची अट कंपनीले. माझ्या मायनं लग्नात संगं कोंबडी देल्ली होती. तेच्याच वंशातली हे. तू जन्मला नव्हता तेव्हापासून आहे या घरात."

हिमांशू उभा राहिला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "मतलब आप के घर की ही मुर्गियाँ बाजू में पल रही हैं? ये तो मुझे ऑफिस में बताना पड़ेगा, खेमराजभाऊ."

"सांग," म्हातारी म्हणाली. आणि तिथेच छपरीत, पाय पसरून, तिनं कोंबडी मांडीवर घेतली आणि पिसं उपटायला लागली. लाल पिसं हिमांशूच्या बुटांवर पडायला लागली. तो एक पाऊल मागे सरला, मग दुसरं. शकुंतलाबाई मान वर न करता म्हणाली, "शामकला, बस वो. अर्धी तुले देतो, घेऊनच जा."

शामकला बसली. पटल्यांच्या छपरीत ती कधी बसली नव्हती. दोघींनी मिळून कोंबडी साफ केली. हिमांशूची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि खेमराज त्या आवाजामागे धावत गेला.

गोष्ट तिथे मिटली नाही. उलट वाढली. हिमांशूनं ऑफिसात सांगितलं असावं, कारण निरोप आला की खेप बंद. खेमराज आईशी बोलेना. त्यानं ग्रामसभेत विषय घातला. शेडाच्या बाजूच्या सगळ्या घरांतून कोंबड्या काढाव्यात, असा ठराव करून कंपनीला दिला, तर खेप सुरू होईल अशी त्याला आशा होती.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून. सरपंच प्रेमिला खुर्चीत, हातातला पेन पुन्हा पुन्हा उघडत-मिटत. खेमराज बोलायला उभा राहिला. तो खोटं काही बोलला नाही. धान बेभरवशाचं झालं म्हणून शेड टाकलं, असं म्हणाला. पोरगी रुचिका गोंदियाला शिकते आहे. शेड बंद पडलं तर पत्रे भंगारात जातील. कोंबड्या कोणाच्या जिवापेक्षा मोठ्या नाहीत. पुढच्या सतरंजीवरचे लोक माना हलवायला लागले. खरं आहे, कोंबड्याच तर आहेत. मागे बसलेल्या शामकलालाही तो खरा वाटला, आणि त्यामुळेच उठणं तिला जड गेलं. हिरालाल व्हरांड्याच्या खांबाआड उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पळाला नव्हता.

ती उठली. इतक्या लोकांत ती कधी बोलली नव्हती, त्यामुळे पहिलं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही. कोणीतरी पुढून म्हणालं, जोरात बोल वो, कोंबडीवानी कुटकुट नोको करू. लोक हसले. त्या हसण्यानं तिचा आवाज सुटला.

"खेमराज, तुझ्या शेडात मेली ते पाखरं कोनाची होती?"

"कंपनीची."

"खाद्य कोनाचं?"

"कंपनीचं."

"मंग तू बटईच करून रायला ना गा. मी पन बटईच करतो. माझ्याकडची मेली तं मी मालकिनीले नेऊन दाखवतो. ते पाहते, मानते, आन मले म्हनते बस. तुझी मेली तं तू बी दाखवली. मालकानं का म्हटलं? तुझीच चुकी, तूच भर. असी बटई तुले कोनं शिकवली? तुझ्या घरातल्या बाईले विचारलं असतं तं तिनं सांगितलं असतं, असा मालक धरू नोको म्हनून."

आता हसणारे थांबले होते.

"मी एक बी कोंबडी काढनार नाई," ती पुढे म्हणाली. "माझ्या आहेत ते माझ्या आहेत म्हनून नाई. ज्या माझ्या नाईत ते काढाचा मले हक्कच नाई. ज्याले काढाच्या आहेत त्यानं मालकिनीले विचारा. त्या इथंच बसल्या आहेत."

प्रेमिलानं पेन मिटलं. ज्यांच्या कोंबड्या शामकलाकडे बटईनं आहेत त्या बायकांनी उभं राहावं, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं संपायच्या आत शकुंतलाबाई भिंतीला हात धरून उठली. तिच्या पाठोपाठ किराणा दुकानवाल्याची बायको उठली, दुकानवाल्यानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा पुढे वळवली. खेमराजच्या चुलतभावाची बायको उठली, ज्याच्या मोटरसायकलवर हिरालालला जागा मिळाली नव्हती. मग इकडून एक, तिकडून एक. सतरंजीवरच्या पुरुषांना आपापल्या घरातलं काहीतरी दुसऱ्याच्या अंगणात फिरतंय हे तेव्हा कळलं. कोणाला राग आला, कोणाला गंमत वाटली. एक म्हातारा म्हणाला, म्हणजे आपल्या घरी पाहुण्याला वांगी का मिळतात ते आज समजलं.

प्रेमिला खुर्चीतून उठली नाही. ती खाली पाहत म्हणाली, "माझी पन एक आहे. पांढऱ्या ठिपक्याची."

ठराव मतालाच गेला नाही. अंजूनं मागून सांगितलं की, खेमराजनं पुढच्या खेपेची तारीख आधी सांगितली, तर सगळ्या टोल्यातल्या कोंबड्यांना एकाच संध्याकाळी ती थेंब टाकून देईल, आणि शेडावर येणारा प्रत्येक माणूस, मग तो कंपनीचा का असेना, दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत जातो का हे खेमराजनं पाहावं. त्या दारातला ट्रे कधीचा कोरडा होता आणि त्यात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुड्या पडलेल्या होत्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

खेमराज निघून गेला. पुढे बरेच दिवस शेड रिकामं राहिलं. तो दोष शामकलाच्या माथी मारायला काही घरं तयार होती आणि ती मारतही होती. शामकला ऐकून घ्यायची. ऐकलं म्हणून तिनं एकही कोंबडी कमी केली नाही. उलट, शकुंतलाबाई आता उजेडात, मोठ्या रस्त्यानं, पोराच्या शेडासमोरून चालत यायची, शामकलाच्या खाटेवर बसायची आणि आपल्या कोंबड्या हाका मारून जवळ बोलवायची. हिमांशू पुन्हा दिसला नाही. होळीच्या सुमारास कंपनीचा दुसरा माणूस आला. कंपनीलाही रिकामी शेडं परवडत नसावीत. त्यानं कोंबड्यांचं नावही काढलं नाही. शेडाभोवती पक्की जाळी लाव आणि दारात औषध भर, एवढंच म्हणाला.

खेमराजनं तारेच्या जाळीचं भेंडोळं आणलं. एकटाच शामकलाच्या मागच्या कुंपणाशी खुंट्या ठोकत होता. जाळी ताणायला दुसरं टोक धरणारं कोणीतरी लागतं. गडी त्या दिवशी आला नव्हता. शामकला सांदवाडीत शेण गोळा करत होती. त्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, खेप येईपर्यंत चार दिवस कोंबड्या झाकून ठेवशील का?"

"नाई."

"दोन दिवस?"

"एक घडी नाई. माझ्या कोंबड्या जाळीबाहेरच आहेत. तू तुझ्या आत ठेव." तिनं शेणाचे हात तणसाला पुसले. "आन हे टोक दे इकडं. एकट्यानं ताणत नाई ते."

त्यानं टोक कुंपणावरून दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, टाच मातीत रोवली आणि मागे रेलली. खेमराजनं खिळा धरला.

"ढिली आहे," ती म्हणाली. "ओढ."